कारणाचा रकाना

आमच्या घरात एकच प्रश्न दोन भाषांत विचारला जातो. मी विचारते, "जेवलास का?" आणि सूनबाई विचारते, "ऊटा आतेन?" सून धारवाडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी फारसं येत नव्हतं आणि माझं कन्नड भाजीबाजारापुरतं होतं. पण जेवणाचा प्रश्न दोघींना कळत होता, त्यामुळे आमचं कधी अडलं नाही. ती मला अत्ते म्हणते, मुलगा आई म्हणतो, नातू आज्जी म्हणतो. आज्जी हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, त्यामुळे त्याच्यावर हक्क कुणाचा, हा वाद निदान आमच्या घरात तरी झाला नाही.

मुलगा-सून गेली अकरा वर्षं अमेरिकेत, सिअ‍ॅटल शहराच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहतात. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर मी त्यांच्याकडे गेले ती मे महिन्यात परतले. नातू तेव्हा चौथीत, नऊ वर्षांचा. त्याला मराठी समजतं, कन्नडही समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पानावर बसला की तेवढे दोन शब्द आपल्या भाषांतले निघतात, "पुरे" आणि "साकु". कारण इकडून मी "अजून एक घास" म्हणून वाढते आणि तिकडून त्याची आई "इन्नोंद तुत्तु" म्हणून वाढते. बिचाऱ्याला दोन आघाड्या सांभाळाव्या लागतात.

हे खाण्याचं मुद्दाम आधी सांगितलं. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथेच आहे.

मी पोहोचले त्याच्या पुढच्याच रविवारी मुलाने आम्हाला इसाक्वा नावाच्या गावी नेलं. गावाच्या मधोमध एक ओढा आहे आणि ओढ्याकाठी माशांचं पैदास केंद्र. लाकूडतोड आणि कोळशाच्या खाणी यांच्यामुळे त्या ओढ्यातले सॅमन मासे संपत आले होते, म्हणून १९३६ साली हे केंद्र बांधलं. आता दरवर्षी शरदात समुद्रातून हे मासे परत येतात आणि बघायला लोकांची जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरत आला होता. पाण्यात चारपाच मासे उरले होते. हातभर लांब, अंग झिजलेलं, शेपट्या पांढऱ्या पडलेल्या. एक तर आमच्या डोळ्यांदेखत कडेच्या दगडांना लागला आणि तिथेच राहिला.

आपल्याकडे बाजारात रावस मिळतो, त्याला पुष्कळ जण 'इंडियन सॅमन' म्हणतात. पण दोघांचं गोत्र वेगळं. हा सॅमन जन्मतो गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्याच ओढ्याकडे येतो. एकदा अंडी घातली की तिथले हे नर-मादी दोघंही मरतात. त्यांच्या कुजलेल्या शरीरांतून ओढ्याला आणि काठच्या झाडांना खत मिळतं. एवढ्या मोठ्या समुद्रातून नेमका आपला ओढा त्यांना सापडतो कसा? वासावरून. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकापासून प्रयोग करून ते दाखवून दिलं. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तिथल्या मातीचा, पाल्याचा असा स्वतःचा वास असतो आणि पिल्लं समुद्राकडे जाण्याआधी तो मनात साठवून ठेवतात. ही कल्पना हॅस्लरना सुचली ती लहानपणच्या डोंगरात पुन्हा फिरायला गेले असताना, तिथल्या शेवाळाचा आणि फुलांचा वास आल्यावर जुन्या आठवणी उसळून आल्या तेव्हा. मला हे फार पटलं. जूनच्या पहिल्या पावसात बेळगावच्या लाल मातीचा वास येतो तेव्हा माझंही तसंच होतं.

घरी परतताना नातू गाडीत म्हणाला, "आज्जी, जानेवारीत हे मासे आमच्या वर्गात येणार आहेत."

मला वाटलं, चित्रं येणार असतील. मी स्वतः बेळगावात एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या वर्गात मासा यायचा तो रंगीत खडूने फळ्यावर.

पण खरंच आले. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कोहो जातीच्या सॅमनची २१० अंडी त्यांच्या वर्गात आली. वाटाण्याएवढी, केशरी, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. ते डोळे. अंड्याच्या आतून पिल्लू बाहेर बघत असतं म्हणा ना. वॉशिंग्टन राज्यात, शेजारच्या ऑरेगनमध्ये आणि कॅनडात पुष्कळ शाळा अशी अंडी वाढवतात. पुढे मी चौकशी केली तेव्हा कळलं, की न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली 'बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट' सुरू झाला, त्यात शाळेची मुलं बंदरात सोडलेल्या पिंजऱ्यांतली कालवं मोजतात. मेरीलँड राज्यात आणि हाँगकाँगमध्ये मुलं हॉर्सशू क्रॅब या प्राण्याची पिल्लं वर्गात वाढवून किनाऱ्यावर सोडतात. प्राणी निराळे, पण रीत सगळीकडे तीच. प्राणी मुलांच्या हातात द्यायचा, जगवायला लावायचा आणि मग ज्याचा त्याला परत करायचा.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. मीही गेले. सवयीने आधी फळा बघितला, मग टाकी. काचेची मोठी टाकी, तळाला खडी, शेजारी पाणी थंड ठेवणारं यंत्र. पाणी साधारण दहा अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. टाकीवर चारी बाजूंनी काळं आवरण, कारण ओढ्यात ही अंडी खडीखाली अंधारात असतात आणि त्यांना उजेड सोसत नाही. अंड्यांतून पिल्लं केव्हा बाहेर येतील, याचं गणित मुलांनीच मांडलं होतं. रोजच्या तापमानाची बेरीज करत जायची. बेरीज ठराविक आकड्याला पोचली की अंडी फुटतात. पाणी गार असेल तर दिवस जास्त लागतात, ऊबदार असेल तर कमी. आमचा नातू रोज रात्री ती बेरीज करून झोपायचा आणि त्याचं उत्तर फक्त दोन दिवसांनी चुकलं. एकतीस वर्षं बेरजा शिकवणाऱ्यांच्या शेजारी बसून काढलेल्या मला वाटलं, बेरजेला एवढी गोड फळं लागलेली मी कधी बघितली नव्हती.

बाईंनी आवरण थोडं बाजूला केलं आणि मी वाकून बघितलं. सुईएवढी पिल्लं खडीत पडून होती आणि प्रत्येकाच्या पोटाला एक केशरी पिशवी. अंड्यातला बलक. ती पिशवी संपेपर्यंत पिल्लाला बाहेरचं काही लागत नाही.

"शिदोरी घेऊन आलंय," मी म्हणाले.

"बुत्ती," सून म्हणाली.

नातवाला हा शब्द इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्या मुलांना त्याने तो शिकवला. चिनी, मेक्सिकन, रशियन घरांतली ती मुलं पिल्लांच्या पोटाला 'बुत्ती' म्हणू लागली. आमच्या सुनेला त्या दिवशी झालेला आनंद तिच्या पगारवाढीच्या दिवशीही झाला नसेल.

टाकीशेजारी दोरीने बांधलेली एक वही होती. शिक्षकाची नजर, वहीवर जाणारच. पाच रकाने आखलेले होते: तारीख, तापमान, अमोनिया, मेलेले किती, कारण. मी पानं उलटली. मुलांचंच अक्षर. 'मेलेले ४. कारण: अंडी पांढरी पडली, फलन झालं नव्हतं.' 'मेलेले २. कारण: माहीत नाही.' 'मेलेला १. कारण: एका पिल्लाला दोन डोकी होती.' मला जरा चमत्कारिक वाटलं. नऊ वर्षांच्या पोरांना रोज मेलेले मोजायला काय लावायचं? मी मुलाला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "आई, एका मादीच्या अडीच-तीन हजार अंड्यांतून मोठे होऊन परत येतात ते दोन-चार. हे लपवून मासे कसे शिकवणार?"

मार्चच्या सुरुवातीला पिल्लांच्या पोटाच्या पिशव्या संपल्या. पिल्लं वर येऊन पोहू लागली. आता खाणं घालायचं. माशांचं पिठासारखं बारीक खाद्य, दिवसातून काही वेळा, प्रत्येक वेळी चिमूटभर. कुणाचा नंबर कधी, याचा तक्ता लावला होता. आमच्या नातवाचा नंबर शुक्रवारी, शाळा सुटताना.

त्या सोमवारी तो घरी आला तो दप्तरही न काढता खोलीत गेला. मी धिरडी केली होती. "नको," म्हणाला. पुरेही नाही आणि साकुही नाही, नकोच. रात्री सून त्याला विचारून थकली, मुलगा विचारून थकला. झोपायच्या वेळी मी त्याच्याजवळ पडले होते, तेव्हा अंधारात त्याने सांगितलं. सकाळी वर्गात गेले तर टाकीचं पाणी दुधासारखं गढूळ झालेलं होतं. सत्तेचाळीस पिल्लं मेली होती. परीक्षानळीत पाणी तपासलं की ते पिवळं यायला हवं, ते गडद हिरवं आलं. म्हणजे अमोनिया वाढला होता. पिल्लांनी न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजलं की तो वाढतो आणि त्यातच पिल्लं गुदमरतात.

"मग?" मी विचारलं.

"मी शुक्रवारी जास्त घातलं. शनिवार-रविवार शाळा बंद. त्यांची बुत्ती तर संपली होती, आज्जी. ती दोन दिवस उपाशी राहिली असती. म्हणून मी दोन दिवसांची बुत्ती दिली."

वाचकहो, मला काय वाटलं असेल ते तुमच्या घरात आजी असेल तर तिला विचारा. हे त्याला कुणी शिकवलं? मी बेळगावहून निघताना दोन पेट्यांपैकी एक पेटी नुसती खाण्याची भरली होती. कुंदा, चकल्या, मेतकूट. मुलगा कामावर निघाला की मी डब्यावर डबा देत होते. कुणी दोन दिवस कुठे निघालं की त्याच्याबरोबर काहीतरी बांधून द्यायचं, हे त्याने आम्हा दोघींकडून जन्मापासून बघितलं होतं. त्याने माया केली होती. आमच्यासारखीच.

आणि मग मी जे बोलले ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "बाळा, तू कुणाला सांगू नकोस. कुणी बघितलंय? दुसऱ्या कुणीही टाकलं असेल. होतं असं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "पण आज्जी, वहीत कारण लिहायचं असतं. 'माहीत नाही' असं लिहिलं तर पुढच्या वर्षीची मुलं पण तेच करतील."

मी पुढे काही बोलले नाही. काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सांगितलं. मी घरी खिडकीत बसून, माझीच परीक्षा असल्यासारखी त्याची वाट बघत होते. तो आला तो बरा दिसत होता. बाई रागावल्या का? नाही. त्यांनी त्याच्या हातात वही दिली. त्याने लिहिलं: 'मेलेले ४७. कारण: शुक्रवारी दोन दिवसांचं खाद्य एकदम घातलं.' मग त्याच्याखाली बाईंनी स्वतः एक ओळ लिहिली: 'सुट्टीच्या दिवशी काय करायचं, हे बाईंनी तक्त्यात लिहिलं नव्हतं.' नंतर अख्ख्या वर्गाने हिशेब केला. एवढ्या पिल्लांना किती खाद्य लागतं, दहा अंशांच्या पाण्यात ती किती हळू पचवतात, दोन दिवस काहीच मिळालं नाही तर मरतात का. मरत नाहीत, निभावतात. तक्त्यावर नवी ओळ चढली: 'शुक्रवारी नेहमीएवढंच. जास्त नाही.' रोज थोडं थोडं पाणी बदलून टाकी पुन्हा साफ झाली. संध्याकाळी नातवाने तीन धिरडी खाल्ली आणि चौथं मी वाढायला गेले तेव्हा पान झाकून म्हणाला, "साकु, आज्जी." मी हात मागे घेतला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, एका शब्दात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला १९८९ चा पावसाळा आठवत होता.

सातवीचा वर्ग. बेडकाचं जीवनचक्र. मी फळ्यावर गोल काढला होता, अंडी, शेपटीवाली पिल्लं, पाय फुटलेलं पिल्लू, बेडूक, मध्ये बाण. आकृती सुबक यायची माझी, तपासणीला आलेले साहेबसुद्धा वाखाणायचे. दुसऱ्या दिवशी मार्कंडेय नदीकाठच्या गावातून येणारा एक मुलगा काचेची बाटली घेऊन आला. बाटलीत शेताच्या पाण्यातली काळी काळी पिल्लं. "बाई, तुम्ही काढलात ते हे." पोरं हसली. मी म्हणाले, "काय घाण आणलीस, ठेव तिकडे खिडकीत." त्याने ठेवली. झाकण घट्ट लावून, उन्हाच्या खिडकीत. तो रोज मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाकरी कुस्करून त्यात टाकायचा, हे मी बघत होते. तिसऱ्या दिवशी वर्गात घाण वास सुटला. सगळी पिल्लं मेली होती. मी त्याचा कान धरला, नळावर बाटली धुवायला लावली आणि तासभर वर्गाबाहेर उभं केलं.

ती का मेली, हे मला ठाऊक होतं. झाकण, ऊन, कुजलेली भाकरी. विज्ञानाची बाई होते मी. पाच मिनिटं लागली असती सांगायला, आणि त्या पाच मिनिटांत चाळीस मुलं जन्मात विसरली नसती असा धडा झाला असता. पण मी त्याला विचारलं नाही आणि वर्गाला सांगितलं नाही. मी पुन्हा फळ्यावर आकृती काढली. त्या मुलाने त्यानंतर वर्गात काहीही आणलं नाही. पुढे दहावीपर्यंत मीच त्याला शिकवत होते, पण त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

एप्रिलच्या अखेरीस पिल्लं सोडायचा दिवस आला. उरलेली होती १३७, बोटाच्या पेराएवढी झालेली. पालकांबरोबर मीही गेले. सॅमामिश नावाच्या मोठ्या तळ्याला मिळणारा एक ओढा, काठावर नेचे आणि देवदारासारखी उंच झाडं, वरून भुरभुर पाऊस. थेट आपला जुलै. पिल्लं सोडण्याआधी बाईंनी मुलांना ओढ्यावरच्या पुलापाशी नेलं आणि रस्त्यावरचं पाणी कुठून खाली येतं ते दाखवलं. शहरी ओढ्यांत परतलेले कोहो अंडी घालण्याआधीच तडफडून मरतात, हे कोडं तिथल्या शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं पडलं होतं. २०२० साली वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी ते सोडवलं. गाड्यांचे टायर टिकावेत म्हणून त्यांत एक रसायन घालतात. टायर झिजले की त्याचा हवेशी संयोग होऊन सिक्स-पीपीडी-क्विनोन नावाचं विष तयार होतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. तेच पाणी आधी मातीतून, झाडांच्या मुळांतून गाळून सोडलं तर मासे वाचतात, हेही कळलं आहे. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे कारणाच्या रकान्यात आधी 'माहीत नाही' होतं, आता लिहिता येतं." बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर."

मग प्रत्येक मुलाला एकेका पेल्यात दोन-तीन पिल्लं मिळाली. पेला थोडा वेळ ओढ्यात धरून ठेवायचा, म्हणजे पिल्लांना ओढ्याच्या गारव्याची सवय होते, आणि मग हळूच तिरका करायचा. काही मुलं पिल्लांशी बोलत होती. आमचा नातू पाण्याकडे वाकला आणि म्हणाला, "होगि बा."

जाऊन ये. कन्नडमध्ये निरोप देताना नुसतं 'जा' म्हणत नाहीत, आणि मराठीत आपणही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. माझ्यामागे सूनबाईने पदराने, म्हणजे तिथे ओढणीने, डोळे पुसले. ही पिल्लं वर्षभर त्या ओढ्यात राहणार, मग तळं, नदी, पुन्हा तळं, बॅलर्डचे १९१७ सालचे पाण्याचे दरवाजे आणि मग समुद्र. परत यायची तर २०२७ च्या शरदात. १३७ मधलं एखादं आलं तर आलं. त्याला किती खायला घालायचं, हे आता कुणाच्या हातात नाही.

मी मेमध्ये परतले. इथे आल्यावर शेजारच्या मुलांना मी हे सगळं सांगते तेव्हा त्यांच्या आया म्हणतात, "काकू, आपल्याकडे कुठे टाक्या आणि थंड पाण्याची यंत्रं?" खरं आहे. आणि आपल्याकडे समुद्री कासवाचं पिल्लू कुणी वर्गात ठेवूही नये, कायद्याने ते संरक्षित आहे. ते बघायचं तर गोव्यात गालजीबाग, मोरजीला, नाहीतर कोकणात वेळासला जावं. वेळासला २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने घरटी राखतात आणि पिल्लं समुद्रात जाताना लोकांना लांबून बघू देतात. पण मला जे शिकायला मिळालं त्याला टाकी लागत नाही. कापसावर पेरलेला वाटाणा चालतो. तो उगवला नाही तर फेकून देऊ नका. मुलाच्या हातात वही द्या आणि पाचवा रकाना आखायला लावा. फक्त त्या रकान्यात जे लिहिलं जाईल त्याबद्दल त्याचा कान धरू नका, एवढंच पथ्य.

जूनमध्ये, पावसाची झड लागलेली असताना, मी त्या मुलाला शोधत गेले. मुलगा कसला, आता पन्नाशीला आलेला गृहस्थ. बाजारात त्याचं शेतीच्या पंपांचं दुकान आहे. समोरच्या गिऱ्हाइकाशी कन्नडात बोलत होता. मला बघून उठला, "या की बाई, बसा की," म्हणाला आणि पोराला चहा आणायला पाठवलं. मी इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. त्या दिवशी तू बेडकाची पिल्लं आणलीस, मी तुला बाहेर उभं केलं, ती माझी चूक होती. ती का मेली ते मी तुला सांगायला हवं होतं.

तो हसला. "एवढं जुनं कोण ध्यानात ठेवतंय, बाई. मला नाही आठवत."

मग चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली. मी छत्री उघडून पायरी उतरत होते, तेव्हा तो मागून म्हणाला, "हॉर्लिक्सची बाटली होती, बाई. आईनं लोणच्यासाठी ठेवलेली."

रात्री नातवाचा फोन आला. आधी त्याने विचारलं, "आज्जी, ऊटा आता?" मग मी त्याला बाटलीची गोष्ट सांगितली. सगळी ऐकून तो म्हणाला, "मग तू कारण लिहिलंस का?"

मी म्हटलं, लिहिते. म्हणून हे लिहिलं. तारीख: १९८९ चा पावसाळा. मेलेले किती, ते मोजले नव्हते. कारण: बाईंनी विचारलं नाही.